लांडगिणीचा पडदा

आमचे घरमालक माणसाकडे बघायच्या आधी त्याच्या मागे काय आहे ते बघत. खोली बघायला मी पहिल्यांदा गेलो तेव्हा बॅग घेऊन दारात उभा होतो. ते माझ्या खांद्यावरून रस्त्याकडे बघत म्हणाले, "जरा डावीकडं सरका. तो लाइटीचा खांब तुमच्या डोक्यातून निघून राहिला." मी सरकलो. मग त्यांनी नाव, गाव, खातं विचारलं. जमीन मोजणीच्या खात्यात आहे म्हटल्यावर त्यांचा चेहरा जरा सैल झाला. "म्हंजे जागेतला माणूस," असं म्हणून त्यांनी काकूंना चहा टाकायला सांगितलं. भाडं, नळाची वेळ, रात्री दार कधी लागतं या गोष्टी काकूंनीच बोलून घेतल्या.

हिंगोलीत त्यांना सगळे फोटोवाले म्हणत. खाली स्टुडिओ, मागे त्यांचं बिऱ्हाड आणि वर माझी खोली. वर जायचा जिना स्टुडिओतूनच होता, त्यामुळे ऑफिसला जाता-येता मी कुणाच्या ना कुणाच्या पासपोर्ट फोटोत शिरत असे. फोटोवाले ओरडत नसत, नुसता हात वर करत, आणि मी पायरीवर एक पाय ठेवून ताटकळायचो. स्टुलावरचं गिऱ्हाईक मला बघून हसायला लागलं की ते म्हणत, "हसू नका. सरकारला हसणारा माणूस चालत न्हाई." हे ते विनोदाने सांगत असावेत असं मला सुरुवातीला वाटायचं. पुढे कळलं की विनोद हा प्रकार त्यांच्याकडे नव्हताच.

काकू सांगायच्या, स्वतःच्या लग्नात शेवटच्या अक्षता पडल्या न पडल्या तोच हा माणूस बोहल्यावरून उतरला आणि फोटोग्राफरकडे गेला. त्याने म्हणे दिव्याचं तोंड चुकीच्या बाजूला केलं होतं. दोघांची हुज्जत झाली आणि शेवटी कॅमेरा नवरदेवाने स्वतःकडे घेतला. "आमच्या अल्बममंदी समद्या पानांवर मी एकटीच हाय," काकू म्हणायच्या. "बघणाऱ्याला वाटतं, नवरा पळून गेला." फोटोवाले आतून म्हणत, "पण उजेड बघा म्हणावं." काकू कपाळावर हात मारून घेत. सख्ख्या थोरल्या भावाची तिरडी उचलताना त्यांनी खांदेकऱ्यांना थांबवून जरा उन्हाकडे वळायला लावलं होतं, हे मात्र काकूंनी मला हसत सांगितलं नाही. त्यावरून घरात दोन वर्षं येणं-जाणं बंद होतं.

स्टुडिओतले पडदे त्यांनी स्वतः रंगवलेले होते. एकावर कठडा आणि गुलाबाची बाग, एकावर राजवाड्याचा जिना, एकावर तळं आणि वर चंद्र. औंढ्याला दर्शन करून परतणारी जोडपी, सेनगावकडची नवी लग्नं, बारशाची लेकरं, सगळी त्या जिन्यापुढे उभी राहून गेली होती. मोबाइल आले आणि ती गर्दी ओसरली. मग दोनच कामं उरली, पासपोर्ट फोटो आणि मयताचे फोटो.

मयताच्या फोटोचं काम असं असतं. घरातलं माणूस गेलं की ध्यानात येतं, त्याचा एकट्याचा धड फोटोच नाही. मग कुणाच्या तरी लग्नातला ग्रुप फोटो शोधून आणतात. त्यातून त्या माणसाला कापून काढायचं, खांद्यावर आलेला दुसऱ्या कुणाचा हात पुसायचा, मागे निळा रंग भरायचा आणि मोठं करून फ्रेममध्ये घालायचं. सगळे स्टुडिओवाले हेच करतात. आमच्या फोटोवाल्यांना तो निळा रंग सोसत नसे. "मेल्यावर माणूस निळ्या हवेत लटकतो काय?" ते विचारत, आणि आधीच रडवेलं झालेलं गिऱ्हाईक गडबडून जाई. मग ते त्याला स्टुलावर बसवून चौकशी करत. तुमचे वडील घरात कुठं बसायचे? बाज कुठं टाकायचे? दारात कोणतं झाड हाय? लिंबाच्या खोडाला गाठ कोणत्या बाजूनं? हातात वेळ असला तर गावी जाऊन बघूनही येत. चार दिवसांनी फ्रेममधला म्हातारा आपल्याच लिंबाखाली, आपल्याच बाजेवर बसलेला असे. एक बाई फोटो न्यायला आली तेव्हा मी जिन्यावर होतो. ती आधी कितीतरी वेळ मागच्या विहिरीकडेच बघत राहिली, नवऱ्याकडे तिने नंतर बघितलं. पैसे द्यायचे विसरून गेली आणि फोटोवाल्यांनीही मागितले नाहीत.

"जित्तेपणी फोटो काढून ठेवावा," हे त्यांचं नेहमीचं सांगणं. "न्हाई तर मंग ग्रुपमधून कापावं लागतं."

जनावरांकडे ते वळले तेही या मयताच्या वाटेनेच. गाय-म्हैस मेली की विम्याच्या कागदांना तिचा फोटो लागतो. असाच एक फोटो काढायला ते एका गावी गेले होते. म्हैस गावाबाहेर ओढून टाकून दोन दिवस झाले होते. कुत्री होती, कावळे होते. फोटोवाल्यांनी सवयीने वर बघितलं. त्यांच्या लहानपणी अशा जागेवर गिधाडांची नुसती रांग लागायची, आणि आता आभाळात काही नव्हतं. ते घरी आले, जेवले नाहीत, आणि काकूंना म्हणाले, "गिधाडं संपली की. एकबी फोटो न्हाई माझ्यापाशी. ती मरून राहिली व्हती आन् मी इथं नवरा-नवरीला जिन्यावर उभं करून राहिलो व्हतो."

दुसऱ्या दिवशी त्यांनी गुलाबाच्या बागेचा पडदा उतरवला, उलटा केला, पाठीला खळ आणि पांढरा रंग लावला, आणि त्यावर गिधाड काढायला घेतलं. कयाधू नदीच्या काठावरचं आंब्याचं झाड, जे तोडूनही किती वर्षं झाली होती, ते त्यांनी फांदीन् फांदी आठवून काढलं. त्या फांदीवर मान आत घेऊन बसलेलं पुरुषभर गिधाड. काकूंनी दोन दिवस बोलणं टाकलं. घरावर गिधाड बसलं तर घर सोडतात, आणि यांनी ते घरातच आणून बसवलं होतं.

पुढे राजवाड्याचा जिना उलटा झाला, चंद्र उलटा झाला. दुपारी दुकानाला कुलूप लावायचं आणि जुनाट स्कूटरवरून माळ धुंडाळत फिरायचं, हा त्यांचा क्रम झाला. नियम दोनच. डोळ्यांनी पाहिलेलंच जनावर काढायचं, आणि ते जिथं पाहिलं तीच जागा त्याच्या मागे काढायची. एका सराफाला दुकानात लावायला वाघ हवा होता. फोटोवाले म्हणाले, "वाघ मी पाहिला न्हाई."

"सर्कशीत तरी पाहिला असंल की, काका," सराफ म्हणाला.

"त्यो पाहिला. पिंजऱ्यासकट काढून देतो."

सराफाने शेवटी बाजारातून वाघाचं कॅलेंडर आणलं.

शेतकऱ्यांना त्यांचं हे खूळ आवडायचं कारण नव्हतं. हरणं आणि रोही, म्हणजे नीलगायी, आमच्याकडे पिकात कळपाने शिरतात, एका रात्रीत सोयाबीनचा कोवळा प्लॉट साफ करतात. लोक स्टुडिओत येऊन ऐकवून जायचे. "काहून कौतुक करून राहिले त्या हरणांचं? आमची तूर खाऊन बसली ती." फोटोवाले वाद घालत नसत. कुठली तूर, कोणत्या बाजूची तासं, म्हणजे पेरलेल्या ओळी, खाल्ली, ते विचारून घेत. मग काळविटाच्या पडद्यावर काळवीट ऐटीत उभं आणि त्याच्या पायाशी तुरीची तीन तासं शेंड्यापासून खुडलेली, असं ते रंगवत. तूर गेलेला माणूस ते बघून गप्प व्हायचा. आपलं नुकसान कुणीतरी एवढं बारकाईने काढलंय याचंच त्याला बरं वाटत असावं.

सेनगाव तालुक्यात तेव्हा एक तरुण गुरांचा डॉक्टर बदलून आला होता, कोल्हापूरकडचा. काळविटाचा पडदा बघून तो वेडाच झाला. प्रदर्शनाची कल्पना त्याची. आणि त्यामागचा विचार खरोखर चांगला होता, हे मी आजही म्हणेन. आमच्या माळांवर लांडगे अगदी थोडे उरले आहेत. लांडगा शेळी नेतो, शेळीवाला चिडतो, लांडगिणीची घळ, म्हणजे पिल्लांचं बीळ, शोधून तोंडाशी धूर करतो आणि पिल्लं आतल्या आत मरतात. सरकारी भरपाई मिळते, पण तिला वेळ लागतो, आणि शेळी गेलेल्या माणसाला राग आजच आलेला असतो. डॉक्टरचं म्हणणं, आपण एक निधी उभा करू. शेळी गेली की दुसऱ्या दिवशी तिची किंमत त्या माणसाच्या हातात ठेवू. मग तो घळ शोधायला जाणार नाही. प्रदर्शनात पडद्यांच्या छोट्या प्रती विकायच्या, दारात पेटी ठेवायची. फोटोवाल्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "लांडग्याचा पडदा लागंल म्हंजे."

त्या हिवाळ्यात त्यांना घळ सापडली. पुसेगावच्या पलीकडे, माळावर. ते लांबच्या बांधाआड पोतं पांघरून बसायचे, जुन्या कॅमेऱ्याचं लांब भिंग डोळ्याला लावून. संध्याकाळी घरी आले की पायजम्याला कुसळंच कुसळं, आणि काकू ती वेचत बसायच्या. एके दिवशी मी जिन्यावर असताना त्यांनी मला थांबवलं. फोटो चालू नव्हता, कुणी स्टुलावर नव्हतं. "पिल्लं भाईर येऊन राहिली," ते म्हणाले. "तीन हायेत." आणि हसले. त्यांचे खालचे दोन दात पडलेले आहेत हे मला त्या दिवशी कळलं.

तो पडदा त्यांचा सगळ्यात चांगला पडदा होता. ओघळीच्या कडेची मुरमाची लाल दरड, तिच्या पोटात काळं तोंड, वर पांढरे डाग पडलेला खडक. डाव्या अंगाला लांडगीण आडवी पडलेली, एक पिल्लू तिच्या पोटाशी, दोन एकमेकांचे कान ओढताहेत. उजवीकडे कलती बाभूळ, तिची एक फांदी कुणीतरी शेळ्यांना पाला घालायला तोडलेली, तो खुंटसुद्धा काढलेला. मागे टेकडीची खाच आणि त्या खाचेतून दिसणारा विजेच्या मोठ्या तारांचा मनोरा. मी कमरेवर हात ठेवून बघत राहिलो. म्हटलं, "काका, मला मोजणीची साखळी टाकायची गरज नाही. यावरून गट नंबर काढून देतो." त्यांनी ताबडतोब काकूंना हाक मारली आणि मला ते वाक्य पुन्हा म्हणायला लावलं. आयुष्यात एवढं कौतुक त्यांचं कुणी केलं नव्हतं बहुतेक.

संक्रांत झाली, तुरी काढून झाल्या आणि औंढा रोडवरच्या एका मंगल कार्यालयात पाच दिवसांचं प्रदर्शन लागलं. पडदे मांडवाच्या पाइपांना टांगले होते. स्टेजवर नवरा-नवरीच्या मखमली खुर्च्या तशाच होत्या, त्यात पाहुणे बसले. प्रमुख पाहुणे वाघाबद्दल बोलले, बराच वेळ बोलले. मांडवात वाघ नव्हता हे त्यांना शेवटपर्यंत कुणी सांगितलं नाही.

आम्हाला वाटलं होतं शहरातली चार माणसं येतील. पण बातमी फिरली आणि खेड्यांतून जीपा भरून लोक आले. ते जनावरांकडे फारसं बघतच नव्हते. प्रत्येक जण जागा ओळखत होता. "ही तर आपल्या मामाची पड." "त्यो नाला बघ, आपुन म्हशी धुवायचो तिथं." काळविटाच्या पडद्यापुढे दोघा चुलतभावांची बाचाबाची लागली, बांधाचा दगड खरा कुठं आहे यावरून. कुणीतरी सांगितलं, मोजणीचा साहेब इथंच आहे, आणि मला बोलावून आणलं. चित्रावरून बांधाचा निकाल द्यायची वेळ माझ्यावर त्या एकाच दिवशी आली. मी म्हणालो, काकांनी काढलाय तिथंच असणार, आणि दोघेही चिडून निघून गेले.

फोटोवाले लोकांच्या पाठीमागे उभे राहून हे सगळं ऐकत होते. हात मागे बांधलेले, मान खाली. उभी हयात त्यांनी माणसांना खोट्या बागेत आणि खोट्या राजवाड्यात उभं केलं होतं, आणि आता माणसं येऊन म्हणत होती की हे आमचं आहे. मला त्यांच्याकडे बघून भरून आलं होतं, हे लिहायला आज जड जातं.

त्या पहिल्याच दिवशी लांडगिणीच्या पडद्यापुढे एक माणूस बायकोला घेऊन बराच वेळ थांबला होता. डोक्याला उपरणं, हातात शेळ्या हाकायची काठी तशीच. त्याने वळून अदबीने विचारलं, "काका, ही पुसेगावच्या पल्याडची दरड न्हवं का? त्या टावरच्या खालची?"

"बराबर वळखलं तुमी," फोटोवाले म्हणाले.

"पर तिथं वरून कायीच दिसत न्हाई. आमी लई येळा गेलो तिकडून."

"वरून न्हाईच दिसणार. ह्या बाभळीपाशी खाली उतरायचं. मंग ही पांढरी शिळा दिसती." त्यांनी त्या माणसाचीच काठी घेऊन पडद्यावर दाखवलं. "तुमी कुठले?"

"तिथलेच की. वस्तीवर राहतो. शेळ्या हायेत."

फोटोवाल्यांना केवढा आनंद झाला. त्या जागेचाच माणूस येऊन जागा ओळखतोय. त्यांनी त्या दोघांना चहा पाजला, चहा स्वतः आणून दिला. डॉक्टर तेव्हा पाहुण्यांबरोबर होता. मी जवळच उभा होतो आणि मला ते दृश्य फार आवडलं. तिथल्या शंभर माणसांत एकाच्याही मनात वेगळं काही आलं नाही.

शेवटच्या दिवशी दुपारी डॉक्टर माइकवर आभार मानत होता. पेटी बऱ्यापैकी भरली होती, प्रती संपल्या होत्या, आणि तो खुशीत होता. तेवढ्यात तो शेळीवाला, त्याची बायको आणि वस्तीवरची चार-पाच माणसं आत आली. बरोबर हार, नारळ आणि प्लास्टिकच्या पिशवीत नवी शाल. काकांचा सत्कार करायचाय म्हणाले. मांडवात एकदम आपुलकीची कुजबुज झाली. डॉक्टरने माइकवरून जाहीर केलं, "आता ग्रामस्थांच्या वतीने आपल्या चित्रकारांचा सत्कार." फोटोवाल्यांना धरून मखमली खुर्चीत बसवलं. ते नको नको म्हणत होते, पण त्यांचे कान लाल झाले होते. शेळीवाल्याने शाल घातली, हार घातला, हातात नारळ दिला आणि पाया पडला. डॉक्टरने त्याच्यापुढे माइक धरला.

"मला बोलता येत न्हाई," तो म्हणाला. "पर काकांचे लई उपकार झाले. दिवाळीपसून पाच शेळ्या नेल्या तिनं. लई तकलीफ झाली. आमी समदा माळ पालथा घालून राहिलो व्हतो, घळ काय घावत न्हवती. काकांनी पडद्यावर काढून दावली म्हून घावली. परवा तुराट्या लावून धूर केला. आता माळ मोकळा हाय."

मागच्या बाजूने टाळ्या झाल्या. मनापासून झाल्या, शेळ्या-मेंढ्या असणारी माणसं होती ती. पुढच्या खुर्च्यांवरून कुणी टाळी वाजवली नाही. डॉक्टरने माइक बंद केला आणि पुन्हा चालू केला.

"अहो, हे सगळं तुमच्यासाठीच होतं," तो त्या माणसाला म्हणाला. त्याचा आवाज सगळ्या मांडवात घुमला. "शेळी गेली की आम्ही किंमत देणार होतो तुम्हाला."

"ते शेळी गेल्यावर, सायब," तो माणूस शांतपणे म्हणाला. "आमाला शेळी जाऊच द्यायची न्हवती."

मी फोटोवाल्यांकडे बघत होतो. ते खुर्चीत होते तसेच बसले होते, शाल खांद्यावर, नारळ मांडीवर. त्यांनी शेळीवाल्याकडे बघितलं नाही, त्याच्या बायकोला जवळ बोलावलं. ती पदर सावरत आली.

"आन् ती?" त्यांनी विचारलं.

"ती न्हवती तवा," बाई म्हणाली. "सकाळी आली व्हती. उकरून राहिली व्हती. मंग गेली टेकडीपल्याड." मग ती म्हणाली, "मला बघवलं न्हाई, काका. पर आमचं घर शेळ्यांवरच हाय."

"व्हय," फोटोवाले म्हणाले. "तिन्ही गेली?"

"चार व्हती की."

"तीन."

"चार व्हती, काका. तुमच्या पडद्यावर तीन हायेत, एक राहिलं तुमचं." ती चूक काढत नव्हती, नुसतं सांगत होती. "चौथं बारकं व्हतं. शेपटीला काळं टोक. तेवढंच भाईर निसटलं व्हतं, पार बाभळीपर्यंत गेलं. मंग पोरांनी धरलं."

फोटोवाल्यांनी मान हलवली. ते उठले, नारळ काखेत धरून स्टेजवरून उतरले आणि स्कूटरपाशी जाऊन उभे राहिले. स्कूटर चालू करायचं त्यांच्या लक्षात राहिलं नव्हतं. मीच त्यांना मागे बसवून घरी आणलं. हार गळ्यात तसाच होता.

संध्याकाळी डॉक्टर आला. त्याचे डोळे सुजलेले होते, आणि रागही होता. लांडगा मारणं हा गुन्हा आहे, त्या माणसाने शंभर लोकांसमोर माइकवर सांगितलंय, तक्रार करावीच लागेल, असं तो म्हणाला. त्याचं काही चूक नव्हतं.

"करा," फोटोवाले म्हणाले. "माझं नाव पयलं लिवा."

"सर, तुमचा काय संबंध?"

"जागा कुणी दावली? त्यांना घावत न्हवती. त्यांनी माझ्याच मंडपात सांगितली गोष्ट, मला शाल पांघरून. त्यांना आत टाकायचं असंल तर मला आधी टाका."

काकूंनी दिलेला चहा तसाच गार झाला. तक्रार डॉक्टरने केली नाही. ते योग्य झालं का, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. निधीतला पहिला पैसा त्याच शेळीवाल्याला गेला, आधी गेलेल्या पाच शेळ्यांचा, कारण फोटोवाल्यांनी तेवढी एकच गोष्ट मागून घेतली. त्या माळावर नंतर कुणाला लांडगा दिसला नाही. डॉक्टरची वर्षभराने बदली झाली.

दुसऱ्या दिवशी काकूंनी मला जिन्यात गाठून हळूच विचारलं, "त्या नारळाचं काय करू?" सत्काराचा नारळ एरवी चटणीत जातो. हा फोडवेना आणि टाकवेना. मी म्हटलं, असू द्या. तो कोपऱ्यात तांदळाच्या डब्याशेजारी राहिला.

फोटोवाल्यांनी दुकान उघडणं सोडलं नाही. पासपोर्ट फोटो काढत होते, हात वर करून मला थांबवत होते. पण मयताचा फोटो घेऊन कुणी आलं तर आता ते काही विचारत नसत. लिंब नाही, बाज नाही. मागे निळा रंग भरून देत. गिऱ्हाइकाने स्वतःहून घराचं काही सांगायला घेतलं तर म्हणत, "नका सांगू." एकदा मी न राहवून म्हटलं, काका, लोक तुमच्याकडे त्यासाठीच येतात. ते म्हणाले, "माणूस कुठं राहतो ते काहून दावायचं कुणाला?" बाकीचे पडदे त्यांनी गुंडाळून माळ्यावर टाकले. लांडगिणीचा तेवढा पाइपवर राहिला, भिंतीकडे तोंड करून.

एका दुपारी मी जेवायला घरी आलो तर तो पडदा सरळ केलेला होता आणि ते त्याच्यापुढे बुटक्या स्टुलावर बसून रंगवत होते. मी सवयीने पायरीवर थांबलो. त्यांनी हात वर केला नाही. वाकून बघितलं तर अगदी उजव्या काठाला, कापड जिथं संपतं तिथं, एक बारकं पिल्लू पळत होतं. मागचे पाय हवेत आणि शेपटीचं टोक काळं. पुढचं अंग दिसतच नव्हतं, ते पडद्याच्या बाहेर गेलेलं होतं.

मी मोजणीतला माणूस, माझं लक्ष आधी खुणेकडे गेलं. कलती बाभूळ पिल्लाच्या पाठीमागे राहिली होती, चांगली हातभर मागे.

"काका," मी म्हटलं, "बाई बाभळीपर्यंतच म्हणाली होती."

त्यांनी ब्रश रॉकेलच्या डबीत बुडवला, चिंधीला पुसला, पुन्हा बुडवला.

"ठाव हाय मला," ते म्हणाले. "पळू द्या त्याला."